माझ्या नावाने पाठवलेले उत्तर

“मामा, पहिले हात धुई ये. बाहेर नळ शे. माऊस खराब व्हई जास.”

संगणक केंद्राच्या चालकाने हे अकरा माणसांसमोर सांगितले. माझे हात स्वच्छ होते. सकाळी स्नान करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मी संगणकाच्या वर्गाला आलो होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी नुकतीच कागदावरची भजी संपवली होती आणि त्याच तेलकट बोटांनी ते माऊस फिरवत होते. त्यांना कोणी काही म्हटले नाही.

मी उठलो. बाहेर गेलो. हात धुतले.

हे प्रथम लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात मी स्वतःला निर्दोष ठरवू इच्छित नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षे सरकारी नोकरी केलेला, मुलाच्या वयाच्या इसमाच्या एका वाक्यावर उठला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. नळाशी साबण नव्हता. मी तो शोधला. त्या शोधण्याची मला आजही किळस येते.

मी सातपुड्यातला पावरा. धडगावच्या पलीकडे, जीप जिथे थांबते तिथून दीड तास चालल्यावर आमचा पाडा लागतो. सपाटीवरच्या या गावात आम्हा सर्वांना मामा म्हणतात. त्यात नाते नसते. नाव विचारण्याचा त्रास वाचतो.

नोकरीत मी शिपाई होतो. टपाल नेणे आणि आणणे हे माझे काम. चौतीस वर्षांत बंद पाकीट मी एकदाही उघडले नाही. अनेकदा आत काय आहे हे मला ठाऊक असे. लिहिताना मी साहेबांच्या खुर्चीमागे उभा असे. तरी पाकीट ज्याचे त्याच्याच हातात दिले. घर बंद असले तर ओट्यावर बसून राहिलो. दाराच्या फटीतून आत सरकवून निघून गेलो नाही.

निवृत्तीनंतर मला संगणक शिकण्याची हौस नव्हती. कारण वेगळे होते. माझ्या थोरल्या भावाची विधवा, माझी वहिनी, पाड्यावर एकटी राहते. तिला वनजमिनीचा पट्टा मिळाला. पण मोजणी करणाऱ्यांनी तिच्या रानाचा वरचा खडकाळ अर्धा भाग मोजला आणि नाल्याकाठचा मातीचा अर्धा भाग सोडला. त्या मातीत ती ज्वारी, तूर आणि उडीद घेते. वरच्या भागात दगड आहेत. तिने फेरमोजणीचा अर्ज केला. साक्षीदार म्हणून मी सही केली. अर्ज सपाटीवरच्या याच संगणक केंद्रातून भरला, कारण आमच्या बाजूच्या चार पाड्यांचे सगळे अर्ज इथूनच भरले जात.

दोन वर्षे उत्तर आले नाही. मी मोजणीच्या कार्यालयात जाऊन विचारले. खिडकीतील इसम मान वर न करता म्हणाला, “ईमेलवर कळवलं असेल. तुमचा ईमेल बघा.”

म्हणून मी डोंगरावरून खाली येऊन या गावात खोली घेतली आणि वर्गात नाव घातले. टपाल जर आता या वाटेने जात असेल, तर ती वाट मला माहीत असायला हवी.

पहिले आठ दिवस मला काही करू दिले नाही. केंद्रचालक माझ्या खांद्यावरून हात घालून स्वतःच माऊस हलवी. “तू फक्त दख, मामा. तुले नही जमाव.” मी पाहिले. पाहून शिकण्याची मला सवय आहे. कार्यालयातील सगळे काम मी लोकांच्या खुर्चीमागे उभे राहूनच शिकलो. वरच्या पट्टीत पत्ता लिहायचा. शोधायचे असेल तर मधल्या चौकटीत. मागे जायचे तर डावीकडचा बाण. तो चहाला उठला की मी बोट ठेवी. एकदा मधल्या चौकटीत मी आमच्या पाड्याचे नाव लिहिले. दुसऱ्याच जिल्ह्यातले एक मंगल कार्यालय दिसले. मी डावीकडचा बाण दाबला आणि मागे आलो.

नवव्या दिवशी ईमेलचा पाठ होता. प्रत्येकाने आपले खाते उघडायचे. मी नाव लिहू लागलो तेव्हा तो हसला.

“तुन्हा ईमेल शे ना मामा. मीच काढेल शे, अर्ज भरना तव्हय. दोन वरीस व्हयनात.”

“माझे खाते आहे, हे मला का सांगितले नाही?”

“सांगीसन तू काय करता?”

“पासवर्ड काय आहे?”

त्याने तो सर्वांना ऐकू जाईल असा सांगितला. “सगळास्ना सारखाच. इंग्रजीमां नाव, नि पुढे एक जून. शून्य एक शून्य सहा. तुमन्या लोकेस्नी जन्मतारीख दुसरी ऱ्हास का?”

वर्ग हसला. शेजारचे मुख्याध्यापक सर्वांत मोठ्याने हसले. ते तरुणपणी वरच्या आश्रमशाळेत शिक्षक होते. “आम्हीच लिखेत ना भाऊ! मायबापले तारीख ठाऊक नही. मंग आम्ही ठोकी देऊत एक जून. पुरा वर्ग एकच दिन जन्मना!”

माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या भावाची होती. वहिनी शाळेत गेली नाही, तरी आधार कार्डासाठी तिचीही एक जून झाली. चार पाड्यांतील बहुतेक सगळ्यांची तीच आहे. कोणा कोणा मास्तरांच्या आळसातून आलेली ती तारीख या माणसाने कुलूप म्हणून वापरली होती, आणि किल्ली सर्वांदेखत टेबलावर ठेवली होती.

मी माझे नाव लिहिले. पुढे चार आकडे लिहिले. खाते उघडले.

आत तीन पत्रे होती. कोणीतरी ती आधीच वाचली होती. न वाचलेली पत्रे ठळक अक्षरांत दिसतात, एवढे मी आठ दिवसांत शिकलो होतो. ही ठळक नव्हती. पहिले पत्र साक्षीदाराला होते: फेरमोजणीच्या सुनावणीस अमुक दिवशी हजर राहावे. तो दिवस केव्हाच उलटून गेला होता. दुसरे पत्र पुढच्या तारखेचे. तोही दिवस उलटला होता. तिसऱ्यात लिहिले होते की अर्जदार व साक्षीदार यांनी झालेली मोजणी मान्य केल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. आक्षेप असल्यास तीस दिवसांत कळवावा. त्या पत्राला चोवीस दिवस झाले होते.

मी ‘पाठवलेले’ असे लिहिलेल्या जागी गेलो. तिथे माझे उत्तर होते.

“मला हजर राहण्याची आवश्यकता वाटत नाही. झालेली मोजणी मान्य आहे.” खाली माझे संपूर्ण नाव.

मी ते दोनदा वाचले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“हे कोणी लिहिले?”

त्याने वाकून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली नाही, शरमही आली नाही. आली असती तर मला इतकी किळस वाटली नसती.

“मीच. अरे मामा, तुमना सगळास्ना ईमेल मन्हा मोबाईलवर शेतस. घडीघडी टिंग वाजस. तू तं डोंगरवर. कोन इतला वर ई सांगाले? एक ओळ लिखी दिधी. काम निपटनं.”

“मोजणी मान्य आहे, असे मी तुला सांगितले होते?”

“नही म्हनता तं ते पुन्हा बोलावतीन. पुन्हा टिंग. तुमले बी तरास, मले बी.” मग तो इतरांकडे वळला. “भलं करो तं बी जबाब मांगतस, दखा.”

मुख्याध्यापक आपल्या पडद्याकडे पाहू लागले.

कोणी लाच घेऊन हे केले असते, तर ते मला समजता आले असते. कार्यालयात मी तसे पुष्कळ पाहिले. इथे कोणी पैसे दिले नव्हते. वहिनीची नाल्याकाठची माती एका मोबाईलचा आवाज बंद व्हावा म्हणून गेली होती.

“तुन्ही वहिनीनं बी मीच निपटाडं,” तो म्हणाला. “थांब, दखाडस.”

त्याने माझ्या खांद्यावरून हात घातला, माझे खाते बंद केले आणि वहिनीचे नाव टंकू लागला. पुढे एक जून येणार होता. तो आकड्यांपर्यंत पोचला तेव्हा मी कीबोर्डवर माझा तळहात ठेवला. पडद्यावरच्या पासवर्डच्या चौकटीत काळ्या ठिपक्यांची लांब ओळ उमटत गेली.

“हात काढ, मामा.”

“नाही.”

“अरे तुन्हीच वहिनी शे ना?”

“पत्र तिचे आहे. तिच्यासमोर उघडेल.”

“तिले वाचता येस का?”

“नाही. ऐकता येते.”

“मंग काय फरक पडस? आते दखी ले, नि तिले सांगी दे.”

तो म्हणाला तेच सोयीचे होते. सहा दिवस उरले होते. जाण्यायेण्यात त्यातले तीन जाणार होते. किल्ली मला ठाऊक होती. त्या खुर्चीवर बसून मी एका मिनिटात तिचे खाते उघडू शकलो असतो, तिच्या नावाने आक्षेप लिहू शकलो असतो, आणि तो बहुधा योग्यही ठरला असता. पण मग माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच उरला असता की मी तिचा दीर आहे.

मी तळहात उचलला नाही. त्याने यंत्र बंद केले तेव्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने धडगाव गाठले. तिथून जीप. माणसे भरेपर्यंत ती दोन तास हलली नाही. पाड्यावर पोचलो तेव्हा वहिनी अंगणात तुरीच्या काड्या बांधत होती. आमच्या पावरी बोलीत मी तिला सगळे सांगितले. तिने काम थांबवले नाही.

“माझ्या नावाने कोण बोलला?”

“केंद्रातला माणूस.”

“तो माझ्या रानात कधी आला होता?”

“कधीच नाही.”

“तू इतकी वर्षे साऱ्या जगाची पत्रे वाहिलीस,” ती म्हणाली. “घरातले एक तेवढे राहिले.”

तिने काड्यांची मोळी भिंतीला टेकवली, लुगडे बदलले आणि शेळी शेजारणीच्या स्वाधीन केली.

परत केंद्रात आलो तेव्हा तीन दिवस उरले होते. वर्ग भरलेला होता. वहिनीला पाहून केंद्रचालक मला म्हणाला, “आज वर्ग शे, मामा. बाईले बाहेर बसाड. नळ जोडे सावली शे.”

“ती बाहेर बसणार नाही. आजची माझी खुर्ची तिची आहे.”

ती बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो. नोकरीत मी असाच उभा राहत असे. पण त्या दिवशी कोणासाठी उभा आहे हे मला ठाऊक होते.

तिच्या खात्यातही तीन पत्रे होती. मी एकेक वाचले आणि पावरीत सांगितले. आमच्यात निरोपाची एक रीत आहे. निरोप आणणारा समोर उभा राहून तो सांगतो. ऐकणारा तोच निरोप आपल्या तोंडाने परत म्हणतो. परत म्हटल्याशिवाय तो पोचला असे कोणी मानत नाही. वहिनीने पहिले पत्र परत म्हटले. दुसरे म्हटले. तिसरे म्हटले. तारखा, दिवस, काही सुटले नाही. तिचा आवाज मोठा आहे. रानात बोलणाऱ्या बाईचा असतो तसा. वर्गातली बोटे थांबली.

मग मी तिच्या नावाने गेलेले उत्तर वाचले. “मी मोजणी मान्य करते. माझी कोणतीही तक्रार नाही. आपली नम्र.” त्याचा अर्थ सांगितला आणि थांबलो.

ती गप्प राहिली.

मी पुन्हा सांगितले. ती गप्पच.

“काय म्हनस ती?” केंद्रचालकाने विचारले. “कयनं नही का तिले?”

वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, “त्याला सांग, हे मी बोलले नाही. म्हणून परत म्हणणार नाही.”

मी मराठीत सांगितले. जसेच्या तसे. वर्गात कोणी हसले नाही. केंद्रचालक मात्र म्हणाला, “नाटकं शेतस सारा.” आणि बाहेर चहाला गेला.

त्यानंतर आम्ही आक्षेप लिहिला. ती सांगत गेली, मी एका बोटाने टंकत गेलो. नाला कुठून वळतो. मोहाचे झाड कोणत्या कडेला आहे. मोजणीवाले कोणत्या दगडापाशी थांबले आणि ऊन लागते म्हणून खाली उतरलेच नाहीत. मी कार्यालयीन भाषेत काही वाक्ये घालू पाहिली, तिने विचारले, “हे मी म्हटले का?” मी ती काढली. दोन तास लागले. पाठवण्यापूर्वी सर्व मजकूर तिला ऐकवला, तिने तो परत म्हटला, आणि पाठवण्याचे बटण तिनेच दाबले. मग माझ्या खात्यातून मी माझे निवेदन पाठवले: साक्षीदाराच्या नावाने गेलेले उत्तर माझे नाही, ते लिहिल्याचे केंद्रचालकाने सर्वांसमोर कबूल केले आहे, याची चौकशी व्हावी.

तिचा पासवर्ड बदलताना मी भिंतीकडे तोंड केले. अक्षरे तिला वाचता येत नाहीत, परंतु खुणा ओळखता येतात. रानातली कोणती पायवाट कोणाच्या दाराशी जाते हे ती लिहिल्यावाचून लक्षात ठेवतेच. तिने कळांवरच्या दहा खुणा निवडल्या. नवा पासवर्ड दोनदा टंकावा लागतो; पहिल्या खेपेस दोन्ही वेळचे जुळले नाही. मी भिंतीकडेच पाहत राहिलो. दुसऱ्यांदा जुळले. तो पासवर्ड मला आजही ठाऊक नाही.

आक्षेप पोचल्याची पोच आठवड्याने आली. पुढे चौकशीची तारीख आली. केंद्रचालकालाही नोटीस गेली असावी. कारण मागच्या रविवारी तो माझ्या खोलीवर आला. बरोबर मुख्याध्यापक होते. दोघे पलंगाच्या कडेवर बसले. त्या दिवशी त्याने मला प्रथमच माझ्या नावाने हाक मारली. नाव त्याला ठाऊकच होते. दोन वर्षे तो ते पासवर्ड म्हणून टंकत होता.

“तक्रार राहू द्या हवी तर,” मुख्याध्यापक स्वच्छ मराठीत म्हणाले. “चौकशीत एवढंच सांगा, की तुम्हाला विचारून त्याने लिहिलं. तोंडी विचारलं होतं म्हणा. पोराचं केंद्र वाचेल.”

“मन्हं बी पोट शे,” केंद्रचालक म्हणाला. “इतला वरीस तुमना अर्ज भरात. उपकार याद ठेवा.”

“मी तसे सांगितले, तर माझी संमती खरी ठरते.”

“ठरू द्या की. तुम्ही साक्षीदार. तुमचं काय जातं?”

“वहिनीचे रान जाते.”

मुख्याध्यापकांनी समजूत घालण्याच्या सुरात विचारले, “तिला त्या तुकड्याचं एवढं काय? डोंगरात जमिनीला तोटा आहे का?”

मी उठून दार उघडले. त्यांना जा म्हणालो नाही. दार धरून उभा राहिलो. दोघे उठून निघाले.

त्यांच्या मागे खोलीत अत्तराचा वास राहिला. मी खिडकी उघडली.

चौकशी येत्या गुरुवारी आहे. मला काय विचारतील ते मी जाणतो आणि काय सांगायचे तेही. मला विचारले नव्हते. तोंडी नाही, लेखी नाही, निरोपानेही नाही. हे मी उभा राहून सांगेन. बसायला सांगितले तर बसून सांगेन. केंद्र बंद पडले तर पडेल. त्याच्या पोटाची काळजी त्याने करावी. आमच्या तोंडाने बोलून ते भरण्याचा परवाना त्याला कोणी दिलेला नाही, आणि मी तो आता मागाहून देणार नाही.

वहिनी आदल्या दिवशी खाली उतरणार आहे. तिला मराठी फारशी येत नाही. कार्यालयातून निरोप आला होता की तिच्या वतीने मीच बोलावे, म्हणजे वेळ वाचेल. मी लेखी कळवले आहे की पावरी जाणणारा दुभाषी ठेवावा. तो मी असणार नाही. ती तिचे सांगेल, लागेल तेवढा वेळ घेईल, आणि तोपर्यंत मी तिच्या वतीने एक शब्दही बोलणार नाही.